दाजीचा शंतनू झालाय

प्रिय अन्या,

दिवाळीपासून पत्र नाही, म्हणून शिव्या घालशील. पोस्टानं घाल, म्हणजे उत्तर तरी येईल. तब्येत बरी आहे, गुडघे आहेत तसेच.

दाजीचं सांगायचंय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर गावभर होईल. काल तो पोराला घेऊन आला. दाजीचं दुसरं लग्न ठरतंय, पण त्या बाईंच्या भावाची अट आहे की घर आणि शेत यांवरचा हक्क पोरानं आधी सोडावा. दाजी स्वतः काहीच मागत नाही. नुसता म्हणाला, "एकुलता एक पोरगा. तो उद्या परदेशी गेला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" पोरगं खाली मान घालून मला विचारतंय, "काका, हक्कसोडपत्राला स्टॅम्प कितीचा लागतो?"

अंगावर काटा आला रे. महाभारताच्या आदिपर्वातला शंतनू राजा हेच बोलतो! तिच्याच पोराला गादी मिळावी ही सत्यवतीच्या कोळी बापाची अट ऐकून परत येतो, झुरतो, आणि पोरानं, देवव्रतानं (पुढचा भीष्म) विचारल्यावर तिचं नावही काढत नाही. म्हणतो, एकच पुत्र म्हणजे निपुत्रिक असल्यासारखंच, असं धर्म जाणणारे सांगतात; तू सदा शस्त्रं घेऊन फिरणारा, तुझं काही झालं तर कुळाचं काय? प्रत्येक वाक्य बिनचूक. मोहानं बुद्धी मरते असं आपण म्हणायचो. मरत नाही, अन्या, ती मोहाचं वकीलपत्र घेते. देवव्रत म्हाताऱ्या अमात्याला विचारतो, थेट कोळ्याच्या दारात जातो, राज्य सोडतो, लग्नही सोडतो. बाप त्याला इच्छामरणाचा वर देतो. 'नको, प्रतिज्ञा मागे घे' असं म्हणत नाही.

तू म्हणशील, बिचाऱ्याला शापच होता. कट्ट्यावर याच्यावरून तू माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हतास. पण शाप कशाचा? ब्रह्मदेवाच्या सभेत वाऱ्यानं गंगेचं वस्त्र उडालं, सगळ्या देवांनी माना खाली घातल्या, हा, त्या जन्मीचा महाभिष राजा, बघतच राहिला. पुढच्या जन्मी तीच गंगा त्याची सात पोरं एकेक करून पाण्यात सोडते आणि हा गप्प, का तर बोललो तर ती सोडून जाईल. आठव्या वेळी तोंड उघडलं, म्हणून देवव्रत वाचला. ज्याच्यासाठी बोलला, त्याच्याकडूनच पुढे सगळं घेतलं. माझा राग आहे तो इथे.

सत्यवतीला मी दोष देत नाही, या बाईंनाही नाही. त्यांनी काही मागितलेलं नाही. दाजीनं लग्न खुशाल करावं, एकटेपणा मी बघतोय त्याचा. पण पोराच्या सहीवर नको.

माझं तो ऐकत नाही, म्हणतो तू पुराणं सांगतोस. तुझं ऐकेल. गुरुवारी ते निबंधक कार्यालयात जाणार आहेत, त्याआधी फोन कर. आणि दाजीशी बोलण्याआधी पोराशी बोल.

वहिनींची बदली झाली का? धाकटीच्या निकालाचं कळव.

तुझा,
बाळ्या