हॅलोविनचे खेळ: पियानो-कीबोर्ड शिक्षकांसाठी

सभासदहो, 31 ऑक्टोबरला हॅलोविन, दुसऱ्या दिवशी कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वर्गांनी हे खेळ आधीच्या आठवड्यातच घ्यावेत.

पुठ्ठ्याची 12 कार्डं कापा. आठांवर चालू धड्यातला एकेक बार (दोन उभ्या रेघांमधला सुरांचा तुकडा) लिहा, चारांवर भूत काढा. भूत निघालं की आधीचाच बार मायनरमध्ये (उदास वाटणाऱ्या स्वरमालेत) वाजवायचा. बार सी ते जी या पाच स्वरांतलेच निवडा, म्हणजे फक्त ईचा ई फ्लॅट होतो. ए-बी आले की लहान मुलं अडकतात. मधलं बोट काळ्या पट्टीवर जाताना मनगट वाकडं होतं. ते वळवू देऊ नका, अख्खा हात थोडा आत सरकवा. पहिलंच कार्ड भुताचं निघालं तर ते गठ्ठ्याच्या तळाशी घाला.

‘आधी कोण’ अशी शर्यत कृपया लावू नका, ताल हमखास सुटतो. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) 60 वर ठेवा आणि बिनचूक वाजलं तरच गुण द्या. खेळ तासाच्या शेवटी, सात-आठ मिनिटंच.

मोठ्यांना खालच्या सप्तकात बी-डी-एफ-ए फ्लॅट एकत्र, पेडल दाबून वाजवू द्या. डिमिनिश्ड कॉर्ड, म्हणजे हा भीतिदायक वाटणारा स्वरमेळ, कानात पक्का बसतो.

चॉकलेटं तास संपल्यावरच वाटा, पट्ट्या चिकट होतात.