कोपेश्वराचा दगड घासू नका

महोदय,

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाची ओळख जनगणनेतल्या भाषिक टक्क्यांत शोधणाऱ्यांनी एकदा कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर बघावं. इथले बहुतेक शिलालेख जुन्या कन्नडमधले. यादव राजा सिंघणाचा मात्र संस्कृतात, देवनागरी लिपीत. देवळात नंदी नाही. तो कुठे, विचारलं की लोक कर्नाटकातल्या यडूरकडे बोट दाखवतात. छत मधोमध आभाळाला उघडं असलेल्या स्वर्गमंडपाचे ४८ खांब कुठल्या राज्याचे, हा प्रश्न त्या कारागिरांना पडलाच नसता.

अशा देवळांना खरी भीती जीर्णोद्धाराची. दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरतात, वरून ऑइलपेंट. कृष्णेच्या पुराचं पाणी भिंतीत मुरतं. चुन्यातून ते सुकून बाहेर पडतं, सिमेंटमागे अडकतं. मग क्षार दगडातच साचतात, फुगतात आणि नक्षीचे पापुद्रे सुटतात. सांधा भरायचाच तर एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू, वर आठवडाभर ओलं गोणपाट. धुवायला साधं पाणी, मऊ ब्रश. ॲसिड आणि तारेचा ब्रश नकोच. त्याने आधी जातात ती उथळ कोरलेली अक्षरं, कानडी काय नि नागरी काय.

– एक वाचक, शिरोळ तालुका