तळ्यावर पहाटे साडेचारला आलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

या महिनाअखेर तुम्ही नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातून निवृत्त होऊन रत्नागिरीला परत जाणार, हे परवा कळलं. आभाराचं पत्र खरं तर पाकिटात घालून हातात द्यायचं असतं. मी मात्र हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आमच्या गावात एका माणसाचं नाव चारचौघांत खराब झालं होतं आणि ते तुम्ही चारचौघांतच धुऊन काढलंत. म्हणून आभारही चारचौघांतच.

तीन वर्षांपूर्वीचा भाद्रपद. मी तेव्हा नागपुरात हजारीपहाडला खोली करून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. सकाळी सहाला बाबांचा फोन आला, "तळ्यात मासोळ्या उलट्या झाल्या." रामटेककडची पहिली एसटी धरून पोचले तेव्हा तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सगळा गाव उभा होता. आमचं तळं मालगुजारी, कोहळी लोकांनी बांधलेल्या जुन्या तळ्यांपैकी. ते आमच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, संस्थेकडे ठेक्यानं आहे. त्यात वर्षाची कमाई पांढरी पोटं वर करून तरंगत होती. किलो-दीड किलोचे कटले सगळ्यात जास्त. आई पाण्यात उतरून एकेक टोपलीत भरत होती आणि कोणाशी बोलत नव्हती.

तोवर लोकांचं ठरूनही गेलं होतं. पाळीखाली धान असलेल्या काकांनी दोन दिवसांपूर्वी फवारणी केली होती. धानाला पाणी घ्यायच्या पाळीवरून त्यांचा आणि संस्थेचा जुना वाद होताच. पोरं त्यांच्या घराकडे निघाली होती. मी स्वतःसुद्धा त्यांनाच दोषी धरलं होतं, हे आज कबूल करते.

एका कार्यालयात फोन लावला, तर "सोमवारी या" म्हणाले. मग तेलंगखेडीचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय आठवलं. खोलीवरून कॉलेजला जाताना फलक रोज दिसायचा, आत काय शिकवतात ते कधी विचारलं नव्हतं. बर्फात चार मासे घालून डबा घेऊन मी तुमच्या दारात उभी राहिले. तुम्ही डबा उघडायच्या आधी मला बसवलंत, पाणी दिलंत आणि विचारलंत, "किती वाजता मेले?" हा प्रश्न तोवर कोणालाच सुचला नव्हता. पुढचा प्रश्न होता, "मोठे मेले की लहान?" आणि तिसरा, "आभाळ किती दिवसांपासून आहे?"

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला तुम्ही तळ्यावर होतात. नागपूरहून अंधारात निघाला असाल. आभाळ तसंच भरलेलं. बाबा डोंगा घेऊन तुम्हाला मध्यावर घेऊन गेले, मी टॉर्च धरला. काचेचं बूच असलेली बाटली तुम्ही पाण्याखाली धरून भरलीत, एक बुडबुडा आत राहू दिला नाहीत. काठावर येऊन तिच्यात मँगनीज सल्फेट घातलंत, मग दुसऱ्या शिशीतलं औषध. बूच लावून बाटली उलटीसुलटी केलीत. आत दुधासारखा पांढरा साका बसला. "प्राणवायू असता तर हा तपकिरी झाला असता," तुम्ही म्हणालात. दुपारी ऊन पडलं. दोन वाजता त्याच जागेवरून दुसरी बाटली भरलीत. साका तपकिरी आला, कडक चहासारखा. दोन्ही बाटल्या तुम्ही पाळीवरच्या दगडावर शेजारी शेजारी ठेवल्यात आणि अख्खा गाव वाकून बघून गेला.

पण पांढऱ्या साक्यावरून विष नव्हतं असं सिद्ध होत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. तिथे दुसरं कोणी असतं तर निकाल देऊन मोकळं झालं असतं. तुम्ही बाबांकडे वळलात आणि विचारलंत, "काय काय नाही मेलं?"

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. आयुष्यात त्यांना कोणा शिकलेल्या माणसानं असं विचारलं नव्हतं. मग म्हणाले, "मरळ नाही मेली जी. मांगूर नाही मेला. झिंगे तं काठाला येऊन चिकटले होते, जिते. जहर असतं तं झिंगा पहिले गेला असता."

तुम्ही वहीत ते शब्द जसेच्या तसे लिहिलेत. मग सगळ्यांना समजावलंत. मरळ आणि मांगूर पाण्यावर तोंड काढून हवाही घेतात, म्हणून पाण्यातला प्राणवायू संपला तरी तगतात. रोहू-कटल्याला ती सोय नाही, आणि प्राणवायू कमी पडला की आधी मोठे जातात. फवारणीच्या औषधानं मात्र झिंगे आणि पाण्यातले किडे सगळ्यात आधी मेले असते. तळं हिरवंगार झालं होतं ते आमच्यामुळेच. बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, लवकर वाढावीत म्हणून आम्ही शेणखत आणि कोंबडीखत ट्रॉलीनं ओतलं होतं. ते हिरवं शेवाळ दिवसा ऊन असलं की प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच तो ओढून घेतं. तीन दिवस ऊन नाही, पहाटे पाण्यातला प्राणवायू संपलेला. त्यात मासेही दाटीनं सोडलेले. "हेक्टरी पाच हजार बोटुकली ठीक, तुम्ही किती सोडली?" असं तुम्ही विचारलंत तेव्हा संस्थेचे अध्यक्ष खाली बघत होते.

धानवाले काका गर्दीच्या मागे उभे होते. बाबा त्यांच्याकडे गेले आणि त्यांचा हात धरला. त्या हात धरण्याचं मोल कोणत्याही अहवालात लिहिता येणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

त्यानंतर तुम्ही दर दोन-तीन महिन्यांनी येत राहिलात, विद्यार्थ्यांना घेऊन. ती पोरं आमच्या ओसरीत झोपली, बाबांबरोबर जाळं टाकायला शिकली. १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन का पाळतात ते तुमच्याकडून कळलं. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी देत नाही, त्याला पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ साली याच तारखेला ओडिशात अंगुळ इथे मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून ते घडवून आणलं. आम्ही पिशवीतून आणतो ते बीज तिथून सुरू झालं. मरळीला मात्र काही टोचावं लागत नाही, ती आमच्याच तळ्यात पिल्लं करते आणि त्यांच्याभोवती फिरून राखण करते. कोकणात पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून ट्रॉलर किनाऱ्याला लागतात, हे तुम्ही सांगितलंत आणि आमच्या सभेत पहिल्यांदाच ठराव झाला की पिल्लांच्या घोळक्याबरोबरची मरळ कोणी धरायची नाही. बाबा म्हणाले, आजा असंच सांगायचा. मधल्या काळात आम्हीच विसरलो होतो.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पाळीवरच्या ओल्या मातीत तुम्ही काडीनं रेघ ओढली होती. आमच्या तळ्याच्या सांडव्याचं पाणी नाल्यानं वैनगंगेला जातं, वैनगंगा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत, आणि गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाचं खारफुटीचं जंगल. तिथल्या माशांची लहान पिल्लं त्या मुळांमध्ये वाढतात आणि मोठी होऊन समुद्रातल्या जाळ्यात जातात. "तुम्ही इथे जे ओतता, त्याचा शेजार तिथपर्यंत आहे," म्हणालात. नागपुरातल्या भोईपुऱ्याच्या बाजारात आंध्रातला बर्फातला मासा उतरताना बघितला की आई आता त्याला परका म्हणत नाही.

यंदा भाद्रपदात पुन्हा चार दिवस आभाळ धरलं. तुम्ही दिलेली बाटली आणि शिश्या संस्थेच्या पेटीत कुलूप लावून असतात. भाऊ पहाटे उठला, बाटली भरली. साका पांढरा नाही, फिकट तपकिरी होता, पण आदल्या दिवसापेक्षा फिका. त्याच रात्री डिझेल इंजिन लावून तळ्याचंच पाणी उंच उडवून परत तळ्यात सोडलं, उजाडेपर्यंत. खत बंद, खाद्य बंद. एकही कटला गेला नाही. इंजिन धानवाल्या काकांचं होतं. न मागता त्यांनीच बैलगाडीत घालून आणलं, आणि रात्रभर शेजारी बसून डिझेल घालत राहिले.

कार्तिकात जाळं ओढायचंय. जाण्याआधी एकदा या. आईनं तुमच्यासाठी जवसाची चटणी करून ठेवलीय, आणि बाबांनी विचारायला सांगितलंय, मॅडम मरळ खातात ना?

तुमची,
संस्थेच्या हिशेबाची वही आता सांभाळणारी मुलगी