गुडमनचं निम्मं यश हेंडरसनचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'स्विंग' म्हणजे झुलत्या लयीचं, नाचाचं जॅझ संगीत. 'स्विंगचा राजा' म्हणवला गेलेला अमेरिकन क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन (१९०९-१९८६) याच्याबद्दल लिहिताना क्लॅरिनेटपुढे कुणी जातच नाही. निम्मं इंगित होतं फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय संगीत-संयोजकाने प्रत्येक वाद्यासाठी लिहिलेल्या कागदांत. गुडमनच्या १९३५च्या वाद्यवृंदात ३ ट्रंपेट, २ ट्रॉम्बोन, ४ सॅक्सोफोन आणि पियानो, गिटार, बास, ड्रम. हेंडरसन सॅक्सोफोनना ओळ देई, पितळी वाद्यं तिला तुटक उत्तर देत आणि वर गुडमन मोकळा. या वाद्यवृंदाचा रेडिओ कार्यक्रम न्यूयॉर्कात रात्री फार उशिरा लागे. कॅलिफोर्नियाचं घड्याळ ३ तास मागे, तिथे तो लवकर ऐकू येई, म्हणून तिथल्या पोरांचे कान आधीच तयार होते. २१ ऑगस्ट १९३५ला लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूम या नृत्यगृहात हा वाद्यवृंद वाजला आणि गर्दी बेभान झाली.

आपल्या नागपुरातल्या लग्नाच्या बँडांकडे यातली बरीच वाद्यं असतात. मग स्विंग का जमत नाही? सगळे एकच चाल एकाच जोरात फुंकतात, उत्तराला जागाच उरत नाही. (ताशा तेवढा वेळ गप्प ठेवावा, हे सांगायलाच नको.) स्विंगमध्ये एका मात्रेतल्या दोन स्वरांपैकी पहिला मध्यलयीत साधारण दुप्पट लांब हवा, लय चढली की फरक कमी करायचा, नाहीतर चाल लंगडते. शिवाय प्रत्येक वाद्यावर लिहिलेला स्वर वेगळा वाजतो: पियानोचा 'सी' (पाश्चात्त्य स्वरनाव) बी-फ्लॅट क्लॅरिनेट-ट्रंपेटसाठी 'डी' आणि ई-फ्लॅट आल्टो सॅक्सोफोनसाठी 'ए' लिहावा लागतो. एकच कागद सगळ्यांना वाटला, की बेसूर ठरलेला.

एक संगीतप्रेमी वाचक, धरमपेठ, नागपूर