डाव्या हाताची गिटार

चि. वेदा,
अनेक आशीर्वाद.

उद्या काका फोंड्याला कामाला चाललाय, त्याच्या हाती हे पत्र आणि पातोळ्यांचा डबा पाठवतो. डबा आधी उघड. पातोळ्या संध्याकाळपर्यंतच चांगल्या राहतील, पत्र थांबेल.

फोनवर मला नीट बोलता येत नाही. २८ वर्षं वीज खात्यात गेली; फोन वाजला म्हणजे कुठेतरी माड तारेवर पडला, एवढंच डोक्यात बसलंय. आवाज आपोआप चढतो. घरात आपण कोंकणीत भांडतो, पण कागद पुढे आला की माझ्या हातून मराठीच उतरते, आणि मराठीत मी जरा शहाण्यासारखा वागतो असं आई म्हणते. बघू.

तर गेल्या आठवड्यातल्या फोनचं. तू म्हणालीस, डावखुऱ्यांची इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन दिसतेय, दोनच शिल्लक आहेत, आज मागवू का? मी म्हणालो, डावखुरी कशाला हवी, उजव्या हाताच्या गिटारी दुकानात ढीगभर असतात, त्यातलीच घे आणि सवय कर. त्यावर तू, 'आजीने एकदा हात बदलला, आता तुम्ही बदला,' म्हणालीस आणि फोन ठेवलास.

ते लागलं, कारण खरं होतं. आजी आता नाही, तिला नावं ठेवायची नाहीत. प्रसाद, जेवण आणि पाटी उजव्या हाताची, हे तिच्या लेखी ठरलेलं. तुझ्या डाव्या हातात चमचा दिसला की ती काढून उजव्यात द्यायची आणि मी समोर पेपर वाचत बसलेला असायचो. पण एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली. चवथीच्या आरतीला तू मडक्याचं घुमट वाजवायला घ्यायचीस तेव्हा चामड्यावर तुझा डावा हात पडायचा, आणि मडक्याचं मागचं तोंड तू उजव्या तळव्याने उघडझाक करायचीस. बाकीची पोरं सगळी उलटी. मला दरवर्षी दिसायचं. ताल सुटत नव्हता, म्हणून कुणी काही बोललं नाही. सरकारने २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं; ते कुठल्या हाताने वाजवायचं ते सांगायला कुणी बसलं नाही, हे बरं झालं.

दुसऱ्या शनिवारी सुट्टी होती. आईला 'म्हापशाला जाऊन येतो' म्हणालो आणि थेट मडगावपर्यंत गेलो.

म्हापशाच्या दुकानात तबले, पेट्या, टाळ आणि त्यांच्यामध्ये चार गिटारी टांगलेल्या. 'डावखुरी आहे का' विचारल्यावर मालकाने एक उजवी काढली, उलटी केली आणि माझ्या हातात दिली. 'ही घ्या डावखुरी.' मी हसलो, पण तो गंभीर होता. उलटी धरली की जाड तार खाली येते. तारा काढून उलट्या क्रमाने लावायच्या म्हटलं, तर वरच्या पट्टीतल्या खाचा, ज्याला ते नट म्हणतात, त्या जाड तारेसाठी रुंद आणि बारीक तारेसाठी अरुंद कापलेल्या असतात. जाड तार अरुंद खाचेत नीट बसत नाही आणि बारीक तार रुंद खाचेत खुळखुळते. आवाजाची बटणं मनगटाखाली येतात ते वेगळंच. जिमी हेंड्रिक्स नावाचा मोठा गिटारवादक तशीच उलटी गिटार वाजवायचा, हे मला मागाहून मडगावच्या पोराने सांगितलं. असेल. पण तो हेंड्रिक्स, आणि तुला शिकायला लागून महिना झालाय.

पणजीत डावखुरी कॅटलॉगमध्ये होती, भिंतीवर नव्हती.

मडगावात मात्र तासभर रमलो. दुकानातला पोरगा तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, लग्नांत आणि चर्चच्या फेस्तांत वाजवतो. त्याने भिंतीवरची एक उजवी गिटार काढली आणि काय केलं सांगू? तिचा मागचा भाग डोळ्याला लावला आणि एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली. खांब उभा केल्यावर ओळंबा बघायला आम्ही हेच करतो! मी विचारलं, काय बघतोस? म्हणाला, मान वाकलीय का बघतो, पावसात वाकते. मग एक तार मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपैकी (फ्रेट) पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर दाबून धरली आणि मला म्हणाला, आता मध्ये सातव्या पट्टीपाशी बघा. तार आणि पट्टी यांच्यात कागदाएवढी फट हवी. तिथे जाड पुठ्ठा गेला असता. मानेच्या टोकाला एक झाकण असतं, ते काढून त्याने आत अॅलन की घातली, पाव वळसा फिरवली, पुन्हा तार दाबली. फट निम्मी झाली.

मला त्यातली गंमत लगेच कळली. सहा तारा मिळून त्या मानेला चाळीसएक किलोंनी पुढे ओढत असतात. लाकडाला तेवढी ओढ एकट्याने सोसायची नाही, म्हणून मानेच्या पोटातून लोखंडी सळई घातलेली असते, ट्रस रॉड. वळणावरच्या खांबाला आम्ही मागून ओढून धरणारी तार, म्हणजे स्टे, देतो ना, तसाच हा आतला स्टे. आणि आपल्याकडे जूनपासून चार महिने लाकूड पाणी पितं आणि मग उन्हाळ्यात सुकतं. म्हणजे हा स्टे वर्षातून दोनदा तरी बघावा लागणार. विकत घेताना गिटार कशी आहे हा अर्धाच प्रश्न झाला. चवथीला कोण बघणार आणि शिमग्याला कोण बघणार, ते मी त्या पोराला विचारलं. 'आणा, मी करून देतो,' म्हणाला. पहिल्या वर्षी पैसे घेणार नाही म्हणाला, पण ते मी पावतीवर लिहून घेईन.

(त्याने पिकअपही उघडून दाखवला. चुंबकाच्या दांड्यांभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर पोलादी तार थरथरली की खाली गुंडाळीत वीज तयार होते. म्हणूनच नायलॉनच्या तारा हिला चालत नाहीत. एका गुंडाळीचा पिकअप घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची घरघरही उचलतो. १९५५ साली गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर नावाच्या माणसाने दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून ती घरघर एकमेकींत मारून टाकली. अशा पिकअपला हंबकर म्हणतात. आमच्या कार्यालयात हे सांगितलं तर सोमवारी कुणी कामच करणार नाही.)

आता डावखुरीचं. पोरगा म्हणाला, दुकानात ठेवत नाही, वर्षाला एखादंच गिऱ्हाईक येतं. पण कंपनीकडून मागवून देतो. तीन आठवडे, अर्धे पैसे आगाऊ. खोका तुमच्यासमोर फोडीन, मान, पट्ट्या, आवाज सगळं बघून, सेटअप करून देईन. खोड निघाली तर परत पाठवायची डोकेदुखी माझी. किंमत तू दाखवलेल्या ऑनलाइन किमतीपेक्षा २,८०० रुपयांनी जास्त.

तू म्हणशील, मग त्यात आणि ऑनलाइनमध्ये फरक काय? दोन्ही न बघताच मागवायच्या. बरोबर आहे, हातात घेऊन निवडायची सोय डावखुऱ्याला इथे नाहीच. फरक एवढाच, की खोका उघडताना समोर जाणता माणूस कोण असेल. दुकानात तो पोरगा. हॉस्टेलच्या फाटकावर वॉचमन.

एक जुनी गोष्ट सांगतो, आईलाही धड माहीत नाही. लग्नाच्या आधी मी भजनासाठी पेटी मागवली होती. छापील दरपत्रक बघून, ड्राफ्ट पाठवून, गोव्याबाहेरच्या एका दुकानातून. इथल्या भावापेक्षा चारशे रुपये कमी, म्हणून मी खूश. भर श्रावणात ट्रान्सपोर्टने म्हापशाला आली, सप्ताहाच्या आदल्या रात्री उघडली. मधल्या सप्तकातला मध्यम मुका आणि भाता फुसफुसतोय. दोन पत्रं लिहिली. दुकानदार म्हणाला ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा, ट्रान्सपोर्टवाला म्हणाला दुकानदाराला. सप्ताह उसन्या पेटीवर निघाला. शेवटी सावंतवाडीच्या एका म्हाताऱ्या कारागिराने ती खोलली. पितळेच्या जिभेखाली भुश्याचा कण अडकला होता. तो काढला, आणि जीभ उतरलेली होती म्हणून टोकाला कानशीचे दोन हलके हात मारले की सूर चढला. पाच मिनिटांचं काम. पण ती पाच मिनिटं शोधायला मला दीड महिना लागला, आणि पुढे दर पावसाळ्यानंतर मी पेटी त्याच्याकडेच नेत राहिलो. चारशे रुपये एसटीच्या तिकिटांत कधीच गेले.

तेव्हा कायदा माझ्या बाजूने फारसा नव्हता, तुझ्या आहे, हेही सांगतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वस्तू कुठल्या देशात बनली, परत कशी करायची, तक्रार अधिकारी कोण, हे त्यांनी दाखवायलाच हवं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवाडा महिन्याभरात. ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइनवाले सगळे चोर, असं माझं म्हणणं नाही. मिक्सर, चप्पल, तुझी पुस्तकं आपण मागवतोच. पण तू पाठवलेलं पान मी चुलतभावाच्या मोबाइलवर मोठं करून बघितलं. वर फोटो उजव्या गिटारचा आणि खाली 'लेफ्ट हँडेड' लिहिलेलं. खालचे दोनशे अभिप्राय वाचले, त्यात डावखुरा एकही सापडला नाही. उजवीचे अभिप्राय त्यांनी डावीलाही चिकटवले आहेत. 'दोनच शिल्लक' आठ दिवसांनीही दोनच आहेत.

तरीही तुला तिथूनच घ्यायची असली तर घे, मी अडवणार नाही. फक्त पत्ता हॉस्टेलचा न देता घरचा दे. कुरिअरवाला नेहमीप्रमाणे पुलाजवळ बोलावेल, मी छत्री घेऊन जाईन. खोका उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ घ्यायचा, मध्ये न थांबवता. आणि परत करायच्या मुदतीत त्याच मडगावच्या पोराकडे नेऊन दाखवायची. सेटअपचे पैसे तो घेईल, ते धरून हिशेब कर, मग २,८०० तले किती उरतात ते बघ.

जुनी घ्यावी का, हेही विचारलं. डावखुरी जुनी मिळत नाही, विषय संपला.

पैशांचं: मी २५ हजार म्हणालो होतो, त्यावर ठाम आहे. ते सगळे गिटारवर घालू नकोस. अॅम्प नसेल तर इलेक्ट्रिक गिटार म्हणजे फ्यूज उडालेलं घर. डासाएवढा आवाज येतो. दहा वॉटचा लहान अॅम्प घे, हेडफोनची जागा असलेला, नाहीतर रूममेट तुला बाहेर काढेल. तो दुकानातच घ्यायचा, चालू करून घरघर ऐकून. केबल, पिक, जादा तारा खुशाल ऑनलाइन मागव. तारा दोन संच मागव, समुद्राच्या हवेत गंजतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसायच्या. वरचे २,८०० माझ्याकडून वेगळे, ते २५ हजारांत मोजू नकोस.

आणि हे मी बाप म्हणून नाही, लाइनमन म्हणून सांगतो. गिटारच्या तारा ब्रिजमधून, म्हणजे खाली त्या जिथे अडकवतात त्या भागातून, केबलवाटे अॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अॅम्प बिघडला आणि सॉकेटला अर्थिंग नसेल, तर करंट थेट तारांवर आणि तारांवर तुझी बोटं. अॅम्पच्या प्लगची तिसरी पिन कुणी मोडून दिली तर घेऊ नकोस. मी टेस्टर घेऊन येईन, तुझ्या खोलीतली सॉकेटं बघून जाईन. मैत्रिणींसमोर लाज वाटत असेल तर सांग, त्यांचीही बघतो.

मडगावात मी अजून आगाऊ रक्कम दिलेली नाही. देणार होतो, पाकीट बाहेर काढलंही होतं, मग म्हटलं आधी विचारावं. यापूर्वी एकदा न विचारता तुझ्या वतीने ठरलं होतं. कंपनीकडे डावखुऱ्यांसाठी दोनच रंग आहेत, काळा आणि तो पिवळा-तपकिरी, कडेला काळवंडत जाणारा. पोराने मंगळवारपर्यंत सांगायला सांगितलंय, म्हणजे चवथीच्या आधी येईल. मला पिवळा-तपकिरी आवडला, आपल्या पेटीच्या पॉलिशसारखा दिसतो. पण वाजवणार तू.

घुमटाचं चामडं पावसाने सैल पडलंय. आलीस की चुलीजवळ ठेवून तापवू.

तुझा,
बाबा

ता.क. डबा परत पाठव. मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत, आई मोजतेय.