पीडीएफ करताना फॉन्टकडे जरा बघा हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात दर आठवड्याला कुठला तरी नवा मोबाईल, त्याचा कॅमेरा किती मेगापिक्सेल, असलं अर्धं पान असतं. असू दे, वाचतो आम्ही. पण त्याच मोबाईलवरनं आणि घरच्या कॉम्प्युटरवरनं लोक आता लग्नपत्रिका, अहवाल, सोसायटीच्या नोटिसा, स्मरणिका सगळं स्वतःच करतात आणि ती फाईल दुसऱ्या माणसाकडे उघडल्यावर काय दिसतं याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं. माझं सांगलीत डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं जुळवून द्यायचं, छोटं दुकान आहे, पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळापासनं, त्यामुळे तो दुसरा माणूस बहुतेक वेळा मीच असते.

सहकारी संस्थांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते, म्हणून ऑगस्ट लागला की आमच्याकडे अहवालांची नुसती झुंबड. यंदा एका पतसंस्थेच्या सचिवसाहेबांनी अहवाल घरीच टाईप करून मेल केला, वर्डची फाईल. उघडली तर चाळीस पानं इंग्रजी अक्षरं, कॉमा, सेमीकोलन, कंस. फोन केला तर म्हणाले, ताई माझ्याकडे तर छान दिसतंय. दिसणारच ना, त्यांच्याकडे तो जुना फॉन्ट टाकलेला आहे! मग म्हटलं पीडीएफ करून पाठवा, तर त्यांनी भाच्याकडनं कुठल्या तरी जुन्या सॉफ्टवेअरमधनं पीडीएफ करून घेतली, त्यात फॉन्ट एम्बेड करायची, म्हणजे फाईलच्या आतच घालायची, टिक काढलेली, म्हणजे परत तेच सेमीकोलन. आता ते चिडलेले, मी चिडलेली, आणि सभा दहा दिवसांवर.

हे का होतं ते थोडं सांगते कारण पंचवीस वर्षं लोकांना सांगतेय तरी दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. श्रीलिपी, शिवाजी, डीव्हीबी-टीटीवाले सुरेख-योगेश, या जुन्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षर हे खरं मराठी अक्षर नसतंच, इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट काढून घेतला की चित्र जातं आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासनं आहे, विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्ट आला, म्हणजे पर्याय नव्हता असं म्हणायला जागा नाही. पण सवय हो! आमच्या धंद्यातच निम्मी मंडळी अजून पेजमेकर सातवर आहेत, जो २००१ साली आला आणि त्यानंतर पुढचा निघालाच नाही. मी पण होतेच की २०१४ पर्यंत, कशाला खोटं बोलू.

आणि पीडीएफ म्हणजे कागदासारखी पक्की गोष्ट, कुठंही उघडा तशीच दिसणार, हा जो समज आहे तो फॉन्ट आत असेल तरच खरा. पीडीएफ १९९३ मध्ये आली तेव्हापासनं त्यात टाईम्स, हेल्व्हेटिका, कुरिअर असे चौदा फॉन्ट गृहीत धरलेत, ते फाईलमध्ये नसले तरी चालतं, वाचणाऱ्याचं सॉफ्टवेअर आपलं आपण भागवून घेतं. त्या चौदात देवनागरी एकही नाही. म्हणजे इंग्रजीवाल्यानं सेटिंगकडे नाही बघितलं तरी त्याचं निभावतं, आपलं नाही निभावत. बघायचं कसं तर पीडीएफ उघडायच्या रीडरमध्ये फाईल मेनूत प्रॉपर्टीज, तिथं फॉन्ट्सचा टॅब, प्रत्येक फॉन्टच्या नावापुढे एम्बेडेड असं आलं पाहिजे. अर्धा मिनिट लागतं. काही फॉन्टांना एम्बेड करायची परवानगीच नसते, तेव्हा तर बघायलाच पाहिजे. वर्डमध्ये पीडीएफ सेव्ह करताना ऑप्शन्समध्ये पीडीएफ-ए नावाची एक टिक असते, आयएसओचं हे २००५ सालचं स्टँडर्ड खास वर्षानुवर्षं जपायच्या कागदांसाठी आहे, त्यात सगळे फॉन्ट आत असणं सक्तीचंच. संस्थेचे अहवाल, ठराव, इतिवृत्तं तसेच ठेवावेत असं माझं मत.

युनिकोड वापरलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही बरं का. आपला ‘ऱ्या’ हिंदीला लागत नाही, म्हणून काही फॉन्टात तो नीट येत नाही, ‘सुऱ्या’चा ‘सुर्या’ होतो आणि स्वयंपाकघरातली वस्तू आकाशात जाते. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली मिळाली, त्याच्या आधीच्या फॉन्टात त्या जागी चौकोन. मराठी वळणाचा ल आणि श तर बऱ्याच फॉन्टात मिळतच नाही, हिंदी वळणाचा येतो. शासनानं २००९ साली प्रमाण लिपीचा निर्णय काढला त्यात आपली वळणं ठरवून दिलीत, पण फॉन्ट निवडताना तेवढं कोण बघतं. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फॉन्ट फुकट मिळतो, ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट पण फुकट आहे, हे दोन तरी टाकून ठेवा. मजकुराला एक आणि मथळ्याला एक, बस झालं! एका पत्रिकेत सात फॉन्ट घालून ‘जरा उठावदार करा’ म्हणणाऱ्यांना मी आता हात जोडते.

असो. सचिवसाहेबांकडे वळते, कारण त्यांची गोष्ट फॉन्टवर संपली नाही. मजकूर मी परत टाईप केला, जमाखर्चाचे तक्ते मात्र स्कॅन करून पाठवा म्हटलं. आले. एवढेसे. फाईल मोठी होत होती म्हणून त्यांनी एका फुकटच्या वेबसाईटवर टाकून कॉम्प्रेस केली (खातेदारांची थकबाकीची यादीसुद्धा तिकडे चढवली, ती वेगळीच डोकेदुखी). तक्त्यात ५ आणि ६ यात फरकच करता येईना. आता हिशोब बघा, पीडीएफ करताना सगळ्यात लहान साईजचं सेटिंग घेतलं की रंगीत फोटो आणि रंगीत स्कॅन साधारण एका इंचात १०० ठिपक्यांवर येतात. तक्त्यातलं अक्षर आठ पॉईंटचं, म्हणजे वरची मात्रा, शिरोरेघ, अक्षर, खालचा उकार हे सगळं अकरा ठिपक्यांत बसवायचं. अनुस्वार तर पहिला जातो. छपाईच्या सेटिंगला ३०० ठिपके मिळतात, तेच अक्षर तेहतीस ठिपक्यांत येतं आणि वाचता येतं. त्यातही जेपेग हा प्रकार फोटोसाठी बरा, पण काळ्या अक्षरांच्या भोवती तो धुरळा करतो, तक्ता, सही, शिक्का यांना पीएनजी हा दुसरा प्रकार घ्यावा.

आकडा पुसट झाला तर निदान कळतं तरी. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रीझल नावाच्या माणसानं दाखवून दिलं होतं की झेरॉक्स कंपनीची काही मशीनं स्कॅन करताना आकडेच बदलतात, घराच्या नकाशातली २१.११ चौरस मीटरची खोली कॉपीत १४.१३ झाली होती. जागा वाचवायला मशीन सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकच चित्र सगळीकडे चिकटवत होतं. आकडा स्वच्छ, ठळक, आणि चुकीचा! सातबारा, मार्कशीट, ऑडिट रिपोर्ट स्कॅन करताना मला अजून ते आठवतं.

पण लोकांना तरी किती बोलणार. बँकेच्या भरतीच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी असली बंधनं असतात, पोरं रात्री अकराला दुकानाचं शटर वाजवतात, ताई केबी कमी करून द्या. त्यामुळे फाईल म्हटलं की कमी करायची हे डोक्यात घट्ट बसलंय. फॉर्मला कमी करा, छापायला देताना करू नका, मूळ फाईल वेगळी ठेवा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते स्वतःच दाबून बारीक करतं.

रंगाचं थोडक्यात सांगते. त्याच अहवालात आलेखातले नफ्याचे खांब हिरवे, थकबाकीचे लाल, स्क्रीनवर झकास. सभासदांना वाटायच्या प्रती काळ्यापांढऱ्या झेरॉक्स, त्यात गडद हिरवा आणि लाल दोन्ही सारखेच करडे झाले, नफा कुठला थकबाकी कुठली कळेना. एका सभासदाला लाल-हिरव्यातला फरक मुळातच कळत नाही, त्यानं तर रंगीत प्रत बघूनही तेच विचारलं असतं. एका रंगाच्या खांबांना आडव्या रेघा मारल्या की काम भागतं. पिवळ्यावर पांढरी अक्षरं, भगव्यावर लाल अक्षरं हे तर आपलं राष्ट्रीय दुखणं आहे. वेबसाईटसाठी नियम आहे, अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडाचं प्रमाण निदान साडेचारास एक हवं, तोच कागदाला लावला तरी आजोबांना पत्रिका वाचता येईल. आणि मोबाईलवर चमकणारा निळा छापून जांभळट आला की प्रेसवाल्याशी भांडू नका, स्क्रीन लाल-हिरवा-निळा उजेड मिसळते आणि प्रेस चार शाया, तो निळा त्या शायांत नाहीच. काळा मजकूर नुसत्या काळ्या शाईतच ठेवा, चारी रंगांचा काळा जरा सरकला की बारीक अक्षरांना सावली येते.

अहवाल शेवटी वेळेत गेला. सचिवसाहेबांनी बिलात ‘टायपिंग दोनदा का लावलं’ म्हणून विचारलं, मी एकदाचंच घेतलं.

तुमच्या तंत्रज्ञानाच्या पानावर एखाद्या आठवड्याला कॅमेऱ्याऐवजी हे सगळं चित्रं घालून छापलंत तर बरं होईल, सप्टेंबरच्या आधी छापलंत तर फारच बरं. हे पत्र युनिकोडमध्ये टाईप करून पीडीएफ पाठवतेय, फॉन्ट आत आहे, बघून घेतलंय. पण तुमच्याकडे छापायच्या आधी ते कन्व्हर्टरमधनं जात असेल, म्हणून एक विनंती, अगदी पहिल्या परिच्छेदात ‘दुसऱ्या’ शब्द सापडेल, तेवढा प्रूफला तपासा.

आपली,
एक डीटीपीवाली, सांगली