‘आईला काठीसह घेऊन या’ असे सांगणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आबोली आमच्या डिचोलीच्या घरी आली, त्याला आता एक वर्ष झाले. आश्रयगृहातून कोणता कुत्रा घरी न्यावा, याचा निर्णय घेण्यासाठी आपण आम्हाला जी मदत केलीत, तिचे आभार त्या वेळच्या धांदलीत नीट मानता आले नाहीत, म्हणून हे पत्र.

माझ्या मुलाला कुणीतरी सोडून दिलेला तो हस्की हवा होता. त्याची दुहेरी लव थंड प्रदेशासाठी आहे, कुत्र्याचे अंग मुख्यतः धापा टाकून निवते आणि आपल्याकडच्या दमट हवेत तेही नीट साधत नाही, हे आपण त्याला इतक्या शांतपणे समजावलेत की त्याने हट्ट सोडला. मला स्वतःला पिल्लू हवे होते, कारण पिल्लाला हवे तसे वळण लावता येते अशी माझी समजूत होती. त्यावर आपण एकच प्रश्न विचारलात: दिवसभर घरात कोण असते? मी शाळेत, मुलगा पणजीला कॉलेजात. घरी असते ती माझी शहात्तर वर्षांची आई. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला घालावे लागते, दात येताना ते मिळेल ते चावते आणि सतत पायांत घुटमळते, हे ऐकल्यावर सोप्यावरून अंगणात उतरणारी आई माझ्या डोळ्यांसमोर आली.

पिल्लाचा स्वभाव पुढे कसा होईल याचा अंदाजच बांधावा लागतो, पण चार-पाच वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो, असे आपण म्हणालात आणि पुढच्या वेळी आईला तिच्या काठीसह घेऊन यायला सांगितलेत. काठीचे प्रयोजन मला तेव्हा कळले नव्हते. मी मनातल्या मनात निवडलेला तो काळा, देखणा, तरुण कुत्रा आईच्या हातातली काठी दिसताच भिंतीला चिकटला, थरथरला आणि मग गुरगुरला. रस्त्यावर काठीचा मार खाल्लेल्या जनावराचा यात काहीच दोष नाही, हे आपण त्याच्या शेजारी जमिनीवर बसून सांगितलेत. ते दृश्य आठवले की मला आजही भरून येते. तांबूस रंगाची, कान कापलेली पाच वर्षांची एक गावठी कुत्री मात्र पुढे आली, तिने काठी हुंगली आणि ती आईच्या पायांशी बसली. आई कोकणीत एवढेच म्हणाली, “यो गो बाय.” आबोली हे नाव तिनेच ठेवले.

शेजाऱ्यांना रस्त्यावरच्या कुत्रीची धास्ती वाटत होती. कानाची ती खूण निर्बीजीकरण झाल्याची असते आणि तिला रेबीजची लसही दिलेली आहे, हे आपल्याकडून कळले होते म्हणूनच मी त्यांना ते ठामपणे सांगू शकले. २०२१ मध्ये गोवा हे देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले, त्यामागे गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस टोचणाऱ्या माणसांचे किती कष्ट आहेत, हेही मला आपल्याशी बोलताना उमगले. आबोलीची यंदाची लस टोचून झाली आहे. पावसाळ्यात गोचिडांसाठी तिचे कान आणि बोटांमधल्या फटी आम्ही रोज तपासतो. चतुर्थीची वर्दळ आणि फटाके संपल्यावरच तिला न्यावे, हा आपला सल्ला तर आता मी प्रत्येकाला देते.

एक विनंती आहे. त्या काळ्या कुत्र्याला घर मिळाले का, हे कृपया कळवावे. फोंड्याला राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या घरी काठी वापरणारे कुणी नाही, तिथे दिवसभर माणसे असतात आणि तिने त्याची चौकशी दोनदा केली आहे. आपण म्हणाल त्या रविवारी आम्ही दोघी येऊ.

आपली कृतज्ञ,
आबोलीच्या घरची
डिचोली, गोवा